हळदीचा गुण आणि फवारणीचा दोष एकाच मापानें मोजले जावेत

हल्लीं बाजारांत जावें तर एक नवा शब्द जिकडे तिकडे दृष्टीस पडतो. हळदीचें पुडकें घ्या, डाळिंबाच्या रसाची बाटली घ्या, कोकमाचें आगळ घ्या कीं मोरावळ्याची बरणी घ्या, त्यावर ‘अँटिऑक्सिडंटनें युक्त’ अशीं अक्षरें ठळक छापलेलीं असावयाचीं. माल पिकवितो तो आमचा शेतकरी. शब्द छापतो तो दुसराच. आणि त्या शब्दाच्या जोरावर चढलेला भाव ज्याच्या पदरांत पडतो तोहि बहुधा शेतकरी नसतो. आतां दुसरीकडे पाहूं. त्याच शेतकऱ्याच्या घरीं फवारणीच्या औषधाचा डबा असतो व त्यावर तांबडा, पिवळा, निळा किंवा हिरवा असा रंगीत त्रिकोण असतो. तें औषध पोटांत गेलें किंवा अंगावर सांडलें तर तात्काळ किती घातक, एवढेंच तो रंग सांगतो. तेंच औषध वर्षानुवर्षें थोडें थोडें अंगांत जात राहिलें तर शरीराच्या मूळ बीजास काय होतें, याविषयीं तो रंग मुका आहे.

म्हणजे एका पुडक्यावर न मोजलेला गुण लिहिलेला आहे आणि दुसऱ्या डब्यावर दोषाचें अर्धेंच माप लिहिलेलें आहे. हे दोन प्रश्न वरवर पाहतां निराळे दिसतात. वस्तुतः ते एकाच प्रश्नाचीं दोन टोकें आहेत. तो प्रश्न असा कीं, आपल्या पेशींतील बीजद्रव्य कशानें झिजतें आणि कशानें जपलें जातें? हें मोजण्याचें एक लहानसें, स्वस्त व जलद साधन रसायनशास्त्रज्ञांच्या हातीं आज आहे. त्याचा उपयोग आमच्या शेतकरी संघांनीं व कृषि विद्यापीठांनीं करून घ्यावा, परंतु त्याच्या मर्यादा पूर्ण ओळखूनच करून घ्यावा, असें आमचें मत आहे. तें सकारण मांडण्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

प्रथम बीजद्रव्याविषयीं. मनुष्य, बैल, ज्वारीचें रोप किंवा बोंडअळी, कोणताहि सजीव घ्या. त्याच्या प्रत्येक पेशींत डी.एन.ए. नांवाचें लांब धाग्यासारखें द्रव्य असतें. त्या धाग्यावर अ‍ॅडेनीन, ग्वानीन, सायटोसीन व थायमीन अशा चारच घटकांची लिपि असते, आणि वंशपरंपरेनें चालत येणारा सर्व मजकूर त्या चार अक्षरांत लिहिलेला असतो. या धाग्याची दुपेडी रचना १९५३ सालीं स्पष्ट झाली. आतां ज्या प्राणवायूवर आपण जगतों तोच प्राणवायू नांगराच्या फाळास गंज चढवितो हें सर्वांस ठाऊक आहे. शरीरांतहि अन्न जाळून शक्ति उत्पन्न होत असतां प्राणवायूचे कांहीं उच्छृंखल कण निर्माण होतात. त्यांस मुक्त मूलकें म्हणतात. त्यांच्याजवळ एक इलेक्ट्रॉन जोडीवांचून एकटा असतो, म्हणून तीं शेजारच्या कोणत्याहि पदार्थाचा इलेक्ट्रॉन हिसकावून घेतात. चार अक्षरांपैकीं ग्वानीन हें आपला इलेक्ट्रॉन सर्वांत लवकर गमावतें. तसें झालें म्हणजे तें अक्षर बिघडतें, आणि पेशी दुभंगतांना नक्कल करणारी यंत्रणा त्याच्या जोडीस चुकीचें अक्षर बसविण्याचा संभव उत्पन्न होतो.

येथें घाबरून जाण्याचें कारण नाहीं. असें बिघडणें निरोगी माणसाच्या प्रत्येक पेशींत रोज हजारों वेळां होत असतें, व शरीराची दुरुस्तीची व्यवस्थाहि अहोरात्र चालू असते. बांधास रोज भेग पडावी व गड्यानें ती रोज बुजवावी, तसा हा प्रकार आहे. भेगा वाढल्या आणि गडी थकला म्हणजे मात्र बांध फुटतो. जो पदार्थ मुक्त मूलकास स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन शांत करतो, किंवा तें उत्पन्नच होऊं देत नाहीं, त्यास अँटिऑक्सिडंट म्हणावयाचें. फाळास तेलाचा हात फिरवून ठेवण्यासारखेंच हें काम होय.

आतां तें साधन. प्राग येथील यारोस्लाव हेरोव्स्की या रसायनशास्त्रज्ञानें १९२२ सालीं पाऱ्याच्या थेंबांतून वीज सोडून द्रावणांतील पदार्थ ओळखण्याची रीत काढली, व तिजबद्दल त्यास १९५९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पुढच्याच वर्षीं, १९६० सालीं, ब्रनो येथील एमिल पालेचेक यानें दाखविलें कीं, डी.एन.ए. हें द्रव्यहि विजेच्या या कसोटीस उत्तर देतें. इकडे अमेरिकेंत लेलंड क्लार्क यानें १९६२ सालीं विजेच्या अग्रावर किण्व बसवून रक्तांतील साखर मोजण्याची कल्पना मांडली. आज मधुमेह्याच्या घरीं बोटाचा थेंब पट्टीवर ठेवून साखरेचा आंकडा दाखविणारें जें यंत्र असतें तें या कल्पनेचेंच फळ होय. खेड्यांतील म्हातारीहि तें चालविते. अशा साधनास विद्युत्-रासायनिक जैवसंवेदक म्हणतात. साखरेच्या पट्टीवर किण्व असतें. आपल्या प्रस्तुत विषयाच्या पट्टीवर डी.एन.ए. असतें, एवढाच फरक.

प्रयोग कसा करतात तें थोडक्यांत सांगतों. कोळशाच्या जातीच्या एका लहान इलेक्ट्रोडवर, किंवा छापील पट्टीवर, वासराच्या ग्रंथींतून अथवा माशांतून काढलेल्या डी.एन.ए.चा पातळ थर बसवितात. नंतर द्रावणांत बुडवून विजेचा दाब हळूहळू चढवीत नेतात. एक व्होल्टच्या अलीकडे पलीकडे ग्वानीन आपला इलेक्ट्रॉन सोडतें, आणि त्या क्षणीं प्रवाहाची रेषा टेकडीसारखी वर चढून खालीं येते. या टेकडीची उंची म्हणजे शाबूत ग्वानीनचें माप. मग ती पट्टी लोखंडाचा क्षार व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणांत कांहीं वेळ ठेवतात. हें मिश्रण फेंटन यानें १८९४ सालीं वर्णिलें असून त्यांतून फार जहाल मुक्त मूलकें निघतात. पट्टी धुऊन पुन्हां मोजली म्हणजे टेकडी खचलेली दिसते. बिघडलेलें ग्वानीन याहून बऱ्याच कमी दाबावर आपली स्वतंत्र लहान टेकडी उठवितें, त्यावरूनहि नुकसान कळतें. शेवटीं हाच प्रयोग मिश्रणांत हळदीचा अथवा डाळिंबाच्या सालीचा अर्क घालून करतात, आणि टेकडी किती कमी खचली तें पाहतात.

हिशेब अगदीं सोपा आहे. समजा कीं, कोऱ्या पट्टीची उंची १०० धरली. नुसत्या मिश्रणांत ती ४० वर आली, म्हणजे ६० चें नुकसान झालें. अर्क घातल्यावर ती ७५ वर थांबली, म्हणजे नुकसान २५ च झालें. साठांपैकीं पस्तीस वांचले; म्हणून संरक्षण सुमारें ५८ टक्के. हे आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. परंतु आपल्या दोन शेतांतील हळदीची तुलना याच रीतीनें होऊं शकेल.

याच कामासाठीं इतर पद्धति नाहींत असें नव्हे. एकेका पेशींतील तुटलेलें डी.एन.ए. धूमकेतूच्या शेपटीसारखें ओढून दाखविणारी एक रीत १९८४ सालीं स्वीडनमध्यें निघाली व ती आज जगभर मान्य आहे. वस्तुमान मोजणारीं मोठीं यंत्रें तर बिघडलेलें एकेक अक्षर मोजून देतात. परंतु पहिलीस जिवंत पेशी, सूक्ष्मदर्शक व तरबेज हात लागतो; दुसरीचें यंत्र इतकें महाग कीं, तें जिल्ह्याजिल्ह्यास मिळणें कठीण. पट्टीच्या रीतीस लहानसें यंत्र पुरतें, नमुना थेंबभर लागतो आणि उत्तर तासाभरांत मिळतें. पुष्कळ नमुने चाळून त्यांतले थोडे पुढील मोठ्या परीक्षेस निवडावे, या कामास ती विशेष योग्य आहे. धान्य चाळण्याची चाळण व तोलण्याचा कांटा हीं निराळीं असतात. ही रीत चाळणीच्या जागीं समजावी.

आतां यांत शेतकऱ्याचें हित कोणतें? पहिली गोष्ट मालाची. सांगलीच्या व वायगांवच्या हळदीस, सोलापूरच्या डाळिंबास, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमास भौगोलिक मानांकन मिळालें आहे. मानांकन माल कोठला तें सांगतें. त्याचा हा विशिष्ट गुण किती तें सांगत नाहीं. हळदींतील कर्क्युमीनचें प्रमाण जातीप्रमाणें साधारणतः दोनपासून सहा टक्क्यांपर्यंत बदलतें, आणि हळकुंडें किती वेळ शिजविलीं, कशीं वाळविलीं, किती दिवस व कोठें साठविलीं यांचाहि परिणाम होतो. कर्क्युमीन किती आहे हें एक माप. तें प्रत्यक्ष काय राखतें हें दुसरें माप. शिजविण्याच्या दोन रीतींपैकीं कोणत्या रीतींत हा गुण अधिक टिकतो, हें जर पट्टीवर दिसलें व पुढें दुजोरा मिळून पक्कें झालें, तर तें ज्ञान शेतकऱ्याच्या चुलवणापाशीं उपयोगी पडेल. तें पुडकें छापणाऱ्याच्या कचेरींत अडकून पडणार नाहीं.

लेखी पुराव्याचें महत्त्व हळदीच्याच बाबतींत आम्ही एकदां पाहिलेलें आहे. १९९५ सालीं अमेरिकेंत जखमेवर हळद लावण्याच्या उपायाचें पेटंट दिलें गेलें. आमच्या घरोघरच्या आजीबाईंस ठाऊक असलेली ती गोष्ट! परंतु आजीबाईंचें ज्ञान तेथें पुरावा म्हणून चालेना. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालीं वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनें जुने ग्रंथ व छापील लेख पुढें केले, तेव्हां १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. जें आपणांस ठाऊक आहे तें मोजून व लिहून ठेवलें नाहीं तर तें आपलें राहत नाहीं, हा त्यांतला धडा आहे.

दुसरी गोष्ट याहून जिव्हाळ्याची, ती जिवाची. २०१७ सालच्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक माणसें दगावलीं व शेंकडों रुग्णालयांत गेलीं. त्यांत शेतमालक होते तसे मजूरहि होते. हें तात्काळ दिसणारें नुकसान झालें. न दिसणारें नुकसान कोण मोजतो? पॅराक्वाट या तणनाशकाचें उदाहरण घ्या. तें उन्हांत तणाच्या पानांतील इलेक्ट्रॉन पळवून प्राणवायूस देतें व मुक्त मूलकांचा लोंढा उत्पन्न करतें. म्हणूनच तण एका दिवसांत करपतें. माणसाच्या फुप्फुसांतहि तें हाच खेळ करतें, आणि त्यावर हमखास उतारा नाहीं. नोंदणीच्या वेळीं प्रत्येक औषधाची बीजद्रव्यावरील परीक्षा मागविली जाते हें खरें. पण ती एकेका औषधाची असते. आमचा शेतकरी मात्र एकाच पंपांत कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक व चिकट द्रव्य असें चौघांचें कडबोळें करतो. त्या कडबोळ्याची परीक्षा कोणींच केलेली नसते. निदान पट्टीवर तरी ती करून पाहावी, आणि जें मिश्रण तेथें संशयास्पद ठरेल तें पुढील कसून तपासणीस पाठवावें, एवढी आमची मागणी आहे.

आतां आक्षेपांकडे वळूं. कोणी विचारील कीं, कांचेच्या पेल्यांतील पट्टी म्हणजे माणसाचें शरीर काय? हा आक्षेप पूर्ण खरा आहे व तो आम्हीं मान्य करतों. पेल्यांत हळद आणि डी.एन.ए. समोरासमोर असतात; शरीरांत हळद पोटांत जाते, तिच्यांतील कर्क्युमीन फारच थोडें रक्तांत उतरतें व यकृत तेंहि झपाट्यानें बदलून टाकतें. पेल्यांतल्या आंकड्यावर विसंबल्यानें मोठमोठे फसले आहेत. फिनलंडमध्यें २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी परीक्षा झाली. त्यांतील कांहींस रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन हा नामांकित अँटिऑक्सिडंट दिला होता. १९९४ सालीं निकाल लागला तेव्हां, तो घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचें प्रमाण कमी होण्याऐवजीं १८ टक्क्यांनीं अधिक निघालें. तसेंच अमेरिकेच्या कृषि खात्यानें फळें व मसाले यांच्या अँटिऑक्सिडंट शक्तीचें एक कोष्टक प्रसिद्ध केलें होतें. त्यांतील आंकडे मनुष्याच्या आरोग्याशीं जुळत नाहींत आणि व्यापारी त्यांचा गैरवापर करतात असें पाहून त्या खात्यानें तें २०१२ सालीं स्वतःच काढून घेतलें. म्हणून पट्टीवरचा आंकडा पुडक्यावर छापूं नये, असें आम्ही आरंभींच बजावून ठेवतों. तो आंकडा शेत, जात व प्रक्रिया यांची तुलना करण्यासाठीं आहे. रोग बरा करण्याचें आश्वासन देण्यासाठीं नाहीं.

दुसरा धोका सूक्ष्म आहे. अँटिऑक्सिडंट हा नेहमींच रक्षक असतो असें नाहीं. तांबें किंवा लोखंड यांच्या सान्निध्यांत क जीवनसत्त्व, कर्क्युमीन व त्या वर्गांतील दुसरीं कांहीं द्रव्यें उलट मुक्त मूलकें उत्पन्न करून डी.एन.ए. तोडतात, असें प्रयोगशाळेंत दिसून आलें आहे. राखणदारानेंच खळें लुटावें तसा हा प्रकार! ज्या डाळिंबाच्या व द्राक्षाच्या बागांत बोर्डो मिश्रणाची म्हणजे तांब्याची फवारणी होते, तेथील फळाचा अर्क तपासतांना फळ किती धुतलें होतें याची नोंद नसेल तर निकालास अर्थ राहणार नाहीं. आणखी एक खोंच अशी कीं, हळदीचा अर्क बहुधा अल्कोहोलांत काढतात, व अल्कोहोल स्वतःच या जहाल मूलकांस गिळून टाकतें. तेव्हां नुसतें अल्कोहोल घालून शेजारीं दुसरी पट्टी तपासली नाहीं, तर अल्कोहोलाचें श्रेय हळदीस मिळेल! कित्येक अर्क मूलकांशीं न झुंजतां मिश्रणांतील लोखंडच बांधून ठेवतात व म्हणून रक्षक भासतात. जो परीक्षक या तीन गोष्टींची झडती देत नाहीं, त्याच्या दाखल्यास कवडीचीहि किंमत देऊं नये.

तिसरा आक्षेप असा येईल कीं, हें सर्व शास्त्रज्ञांनीं करावें. शेतकऱ्यानें त्यांत कां पडावें? यास आमचें उत्तर २०१० सालच्या द्राक्षांच्या हंगामाकडे बोट दाखविणें हेंच आहे. त्या वर्षीं क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश सांपडल्यामुळें युरोपांत आमचीं द्राक्षें अडलीं व बागाईतदार बुडाले. माप परक्याच्या हातांत होतें. आम्हांस त्याचें नांव कळलें तें पेट्या अडल्यावर. जें माप उद्यां आपल्यावर लावलें जाणार आहे, तें आज आपण स्वतःस लावून पाहणें यांत शहाणपणा आहे.

म्हणून आमच्या सूचना अशा आहेत. पहिली, शेतकरी संघांनीं पुढील हंगामापासून हळद, डाळिंब व कोकम यांचे नमुने जमा करावे, आणि प्रत्येकाबरोबर जात, जमीन, खत, फवारणी, शिजविण्या-वाळविण्याची रीत व साठवणुकीचा काळ यांची प्रामाणिक नोंद ठेवावी. नोंदीवांचून नमुना म्हणजे नांव नसलेलें बियाणें. दुसरी, राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चारहि कृषि विद्यापीठांस, तसेंच कसबे डिग्रज येथील हळद संशोधन केंद्रास संघांनीं लेखी विनंति करावी कीं, त्यांनीं ही पट्टीची परीक्षा एकाच ठराविक रीतीनें बसवावी, म्हणजे एका ठिकाणचा आंकडा दुसऱ्या ठिकाणीं ताडून पाहतां येईल. तिसरी, शेतकरी सर्रास वापरतात त्या फवारणीच्या मिश्रणांचीहि त्याच पट्टीवर परीक्षा व्हावी, व निकाल औषधविक्रेत्यांस नव्हे तर प्रथम शेतकऱ्यांस कळवावा. चौथी, फवारणी करणाऱ्यांच्या रक्ताची तपासणी करावयाची झाल्यास ती त्यांच्या संमतीनें व वैद्यांच्या देखरेखीखालींच व्हावी, आणि ती मालकाइतकीच मजुराचीहि व्हावी; कारण पंप बहुधा मजुराच्याच पाठीवर असतो.

एक गोष्ट मात्र कोणीहि विसरूं नये. कोणतीहि पट्टी, कोणतीहि हळद फवारणाऱ्याचें रक्षण करणार नाहीं. हातमोजे, तोंडावर योग्य पडदा, पूर्ण बाह्यांचे कपडे, वाऱ्याची दिशा पाहून चालणें, मिश्रणें करण्याचा मोह टाळणें, व काम संपल्यावर साबणानें स्नान करणें, हेंच खरें चिलखत आहे. फवारणी करून येऊन हळदीचें दूध प्यालें कीं झालें, असें समजणारा मनुष्य बांध फोडून मग भेग बुजवीत बसतो.

आमचा शेतकरी तराजूस कधीं भ्याला नाहीं. तो भितो तें दुसऱ्याच्या खोट्या तराजूस. हा नवा तराजू लहान आहे, अपुरा आहे, पण खोटा नाहीं. तो आपल्या हातीं असावा, त्यांत आपला गुण आणि आपला दोष हे दोन्ही सारख्याच निष्ठुरपणें तोलले जावे, व जो आंकडा येईल तो लपवूं नये. संघाच्या येत्या वार्षिक सभेंत या विषयावर ठराव यावा व वाचक बंधुभगिनींनीं त्याचा विचार करावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.